गिरणगावातला उजेड

सप्टेंबर १८८४. परळमध्ये गिरणी कामगारांची सभा भरली होती. ती बोलावली होती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता, आणि त्याच्यापुढे कामगारांचं म्हणणं जायला हवं होतं. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी. आणि आणखी एक: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं.

ही शेवटची मागणी पुन्हा वाचा. कामाची सुरुवात घड्याळाप्रमाणे, शेवट मात्र सूर्याप्रमाणे. आज विचित्र वाटतं, पण त्या काळच्या गिरणीत ते अगदी व्यवहाराचं होतं. सुताचा धागा तुटला की तो शोधून पुन्हा जोडायचा, हे तिथलं दिवसभराचं काम. त्याला उजेड लागतो. कापसाची धूळ हवेत तरंगत असताना उघड्या ज्योतीचे दिवे लावणं म्हणजे आगीला बोलावणं. त्यामुळे दिसेनासं झालं की यंत्रं थांबायची. मुंबईत हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. कामगाराचा दिवसही तसाच वर्षभर लांबायचा-आखडायचा.

जुन्या गिरण्यांच्या जागेवर बाग, चौक किंवा संग्रहालय करायचं म्हटलं की आज पहिल्या बैठकीपासून ‘लायटिंग’चा विषय निघतो. चिमणीवर कोणता रंग टाकायचा, तळ्यात कारंजी कशी नाचवायची, झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या का. या चर्चांमध्ये एक गोष्ट राहून जाते. गिरणगावात दिवा ही कधीच नुसती शोभेची वस्तू नव्हती. कोण किती तास राबणार, कोण कधी झोपणार, कोणाचं गाव पाण्याखाली जाणार, हे सगळं त्या दिव्याशी बांधलेलं होतं. त्या उजेडाचा इतिहास माहीत असला, तर आज तिथे दिवे कसे लावावेत हेही जरा वेगळं दिसायला लागतं.

छपरातून येणारा दिवस

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, प्रभादेवी असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला. त्याला लोक गिरणगाव म्हणू लागले.

या गिरण्यांचा आराखडा लँकेशायरहून आलेला. गिरणीच्या साचेखात्याचं छप्पर आठवा. लोअर परळच्या उड्डाणपुलावरून पूर्वी ते सहज दिसायचं: करवतीच्या दातांसारखी एकामागोमाग एक उतरती छपरं, आणि प्रत्येक दाताच्या उभ्या बाजूला काच. ही काच उत्तरेकडे तोंड करून असते. कारण आपण उत्तर गोलार्धात आहोत, ऊन दक्षिणेकडून येतं, आणि उत्तरेच्या काचेतून येतो तो थेट उन्हाची तिरीप नसलेला, सगळीकडे सारखा पसरणारा उजेड. सावली पडत नाही, डोळे दिपत नाहीत, धागा दिसतो. वीज नसलेल्या काळातलं हे प्रकाशयोजनेचं उत्तम उदाहरण आहे. फक्त ते मँचेस्टरच्या आभाळासाठी काढलेलं होतं. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच सरकलेला असतो. म्हणजे ऐन उकाड्यात ज्या बाजूने ऊन येऊ नये, त्याच बाजूला सूर्य. धागा तुटू नये म्हणून आत हवा मुद्दाम दमट ठेवलेली असायची, त्यात ही भर.

गिरणीच्या आवारातल्या बाकीच्या गोष्टीही अशाच कामातून आलेल्या. वाफेच्या इंजिनाला पाणी लागे म्हणून तळं. बॉयलरचा धूर वर न्यायचा म्हणून उंच चिमणी. कापसाच्या गासड्या ठेवायला गोदामं, तीही आगीच्या भीतीने मुख्य इमारतीपासून थोडी दूर. आज वास्तुरचनाकार ज्याला ‘लँडस्केप’ म्हणतील, ते तळं, ती चिमणी, ते मोकळं पटांगण, सगळं वाफेच्या गरजेने आखलं होतं. बसायला, रेंगाळायला, गप्पा मारायला त्यात जागा नव्हती.

दिवा आला, दिवस लांबला

लोखंड्यांच्या मागण्यांपैकी रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये पदरात पडली. सूर्यास्ताची मागणी मात्र मागे पडली, आणि मग विजेचा दिवा आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशेषतः १९०५ च्या सुमारास, मुंबईतल्या अनेक गिरण्यांनी विजेचे दिवे बसवले. कापडाला मागणी चांगली होती. आता अंधार पडला म्हणून यंत्रं थांबवायचं कारण उरलं नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत गेला. माणूस अंधारात घरातून निघायचा आणि अंधारात परत यायचा. कामगारांमध्ये मोठा असंतोष पसरला, काम बंद पडण्याचे प्रकार झाले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. सरकारला आधी एक समिती आणि नंतर एक आयोग नेमावा लागला. शेवटी १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांमधल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला पहिल्यांदा मर्यादा घातली: दिवसाला बारा तास.

बायका आणि मुलांच्या तासांवर आधीच्या कायद्यांनी काही बंधनं घातली होती. पुरुषाच्या दिवसाला तोवर कायद्याची मर्यादा नव्हती, कारण ती घालायचं काम सूर्य करत होता. विजेच्या दिव्याने सूर्याला बाजूला केलं, तेव्हा त्याच्या जागी कायदा आणावा लागला. १९२२ मध्ये ही मर्यादा अकरा तासांवर आणि आठवड्याला साठ तासांवर आली, १९३४ च्या कायद्याने दिवसाला दहा तासांवर. आज आपण आठ तासांची पाळी गृहीत धरतो, तिच्यामागे हा सगळा झगडा आहे. रात्री अकराला ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘जरा हे बघ ना’ असा निरोप येतो, तेव्हा हाच झगडा पुन्हा सुरू झालेला असतो. दिवा तेवढा बदलला आहे, तो आता आपल्या हातात असतो.

हा उजेड कुठून यायचा?

गिरण्यांना वीज हवी होती ती दिव्यांसाठी, आणि त्याहून जास्त यंत्रं चालवण्यासाठी. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा. टाटांनी उपाय काढला. लोणावळ्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं बांधायची, पावसाळ्याचं पाणी साठवायचं, ते प्रचंड नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचं आणि त्यावर जनित्रं फिरवायची. १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईत पोचली. एकामागून एक गिरण्या वाफेकडून विजेकडे वळू लागल्या.

त्यानंतर आणखी विजेसाठी नजर गेली ती मुळशी खोऱ्याकडे. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमावर धरण होणार होतं आणि मावळातली पन्नासेक गावं त्याच्या पोटात जाणार होती. तिथली भातशेती उत्तम होती आणि ती सोडायला मावळे तयार नव्हते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. सत्याग्रह तीन वर्षं चालला आणि हरला. धरण झालं. भिऱ्याच्या केंद्रातून १९२७ पासून वीज वाहू लागली.

म्हणजे परळच्या गिरणीत रातपाळीला जो दिवा जळायचा, त्याच्या तारेचं दुसरं टोक मुळशीच्या पाण्यात होतं. गिरणीत राबायला आलेला माणूसही बहुतेक वेळा कोकणातून किंवा घाटावरून, जमीन पुरेना म्हणून आलेला. एकाला कामाने मुंबईत आणलं, दुसऱ्याची जमीन मुंबईच्या कामासाठी गेली. आजही धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा शब्द वाचला की त्याची सुरुवात मुळशीपासून सांगितली जाते.

रातपाळीचं गाव

तीन पाळ्या चालू लागल्यावर गिरणगावाला झोप अशी उरली नाही. दर पाळीला भोंगा व्हायचा आणि वस्ती त्यावर घड्याळ लावायची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत डझनभर माणसं राहू शकत होती ती पाळ्यांमुळेच. रातपाळीचा माणूस सकाळी आला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे, आणि त्याच वळकटीवर हा आडवा व्हायचा. खानावळवाल्या बायका पहाटेपासून डबे भरत. उरलेली माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली, ओट्यावर, जिन्यात बसत. रात्रशाळा भरत, त्यात दिवसा गिरणीत असणारी मुलं शिकत. भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपतीतले मेळे, दामोदर हॉलमधली नाटकं, लालबागच्या हनुमान थिएटरातला तमाशा, मैदानातली शाहिरी, हे सगळं रात्रीच फुलायचं. दिवस मालकाचा होता, रात्रीचा काही भाग तरी आपला.

गिरणगावातलं सार्वजनिक जीवन कोणी आखलेल्या बागेत घडलं नाही. ते फाटकाबाहेर घडलं: गिरणीच्या दारातला चहावाला, नाक्यावरचा विडीवाला, युनियनचा फळा, आणि वर पालिकेचा एक पिवळा दिवा. फाटकाच्या आतला उजेड कामाचा आणि बाहेरचा राहण्याचा. गिरणगावातल्या माणसांना हा फरक नीट कळत होता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या पुन्हा अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, बऱ्याच कायमच्या बंद पडल्या. फाटकाच्या आतले दिवे गेले. बाहेरचे दिवे तेवढे राहिले, आणि त्यांच्याखाली काम नसलेली माणसं.

१९९६: दोन शहरं, दोन उत्तरं

बंद गिरण्यांची जमीन होती सुमारे सहाशे एकर, तीही बेटाच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे सांगितले: एक महापालिकेला मोकळ्या जागा आणि सोयींसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे तुकडे सुटे सुटे न पाहता एकत्र पाहायचे, म्हणजे सलग बागा, रस्ते, घरं आणि रोजगार बसवता येईल, हा त्या अहवालाचा गाभा. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांच्या परिसरात लोकांसाठी प्रशस्त मोकळा चौक, हे त्यातलं एक ठळक चित्र.

त्याच १९९६ साली, जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यात, एका बंद पोलाद कारखान्यात पहिल्यांदा रात्रीचे रंगीत दिवे लागले. ती गोष्ट इथे सांगायला हवी, कारण प्रश्न तोच होता: काम संपलेल्या जागेचं करायचं काय?

डुइसबुर्ग शहरातल्या माइडरिच भागात थिसन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या उभारल्या. १९८५ मध्ये त्या बंद झाल्या. पाडून टाका, असा सूर होता. गावातल्या लोकांनी विरोध केला. मग त्या राज्याने संपूर्ण खोऱ्यासाठी १९८९ ते १९९९ असा दहा वर्षांचा पुनर्रचनेचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यात या कारखान्याची जवळपास १८० हेक्टर जागा लोकांचं उद्यान करायचं ठरलं. स्पर्धेतून निवड झाली पीटर लाट्झ या निसर्गरचनाकाराची. उद्यान १९९४ मध्ये खुलं झालं.

लाट्झ यांनी फार थोडं पाडलं. खनिज साठवायच्या जाड काँक्रीटच्या कोठ्यांपैकी काहींत बागा लावल्या, काहींच्या भिंतींवर गिर्यारोहकांना चढायला दिलं. गॅसच्या टाकीत पाणी भरलं, आता त्यात पाणबुडे सराव करतात. भट्टीतल्या ओतकामात झिजलेल्या लोखंडी पत्र्यांपैकी एकोणपन्नास पत्रे, सात गुणिले सात असे, जमिनीवर मांडून चौक केला. ते गंजतात, तसेच गंजू दिले. कारखान्यातून उघड्यावर वाहणारं सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातलं आणि वरच्या कालव्यात पावसाचं स्वच्छ पाणी खेळवलं. खनिजाबरोबर दूरदेशीचं बी आलं होतं, त्यातून उगवलेली झाडं उपटली नाहीत. पाच नंबरच्या भट्टीवर जिन्याने सत्तरेक मीटर उंच चढता येतं आणि वरून सगळं खोरं दिसतं.

दिव्यांचं काम ब्रिटिश कलाकार जोनाथन पार्क यांच्याकडे गेलं. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’ मैफलींचा रंगमंच घडवणाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी दिवे कारखान्याच्या पोटात लपवले. बाहेरून झोत टाकून भिंत उजळवण्याऐवजी नळ, जिने, धुराडी, झडपा आतून लाल, हिरव्या, निळ्या रंगांत पेटल्यासारख्या दिसतात. जिथून एकेकाळी आच यायची, तिथूनच उजेड येतो. आठवड्याच्या शेवटी आणि सुट्ट्यांच्या रात्री हे दिवे लागतात, बाकीच्या रात्री जागा आपल्या अंधारात असते. आणि सर्वांत महत्त्वाचं: उद्यान चोवीस तास उघडं आहे, आत जायला पैसे लागत नाहीत.

डुइसबुर्गलाही डोळे झाकून डोक्यावर घ्यायचं कारण नाही. लाल-निळ्या उजेडात भट्टी इतकी सुंदर दिसते की तिच्यासमोर होरपळलेली माणसं विसरायला होतात. पण तिथे बेकार झालेल्या कामगाराच्या मुलाला रात्री बारा वाजता त्या भट्टीखाली बसण्यापासून कोणी अडवत नाही. निर्णय लोकांच्या बाजूने झाला होता, म्हणून दिव्यांना अर्थ आला.

मुंबईत काय झालं

कोरिया अहवाल बाजूला पडला. २००१ मध्ये ५८ व्या नियमात बदल झाला: तीन वाटे आता संपूर्ण जमिनीचे करायचे नाहीत, फक्त जी जमीन आधीपासून मोकळी आहे तिचे. गिरणीच्या आवारात बांधकामाखालची जमीनच जास्त, त्यामुळे बागांचा आणि घरांचा वाटा पार आक्रसला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर टॉवर झपाट्याने उठले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आले आणि सोडती निघाल्या त्या काही हजार घरांच्या.

दिवे मात्र भरपूर आले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, त्याच्या आवारात जुनी चिमणी राखलेली आहे. तिच्याभोवती दुकानांचा लखलखाट असतो आणि ती सेल्फीत छान येते. चिमणी राखली हे चांगलंच केलं, बाकी बहुतेकांनी तेवढंही केलं नाही. पण कामगारांनी भरलेली जागा, तिचे भोंगे, तिच्या पाळ्या, यातलं काही त्या चिमणीजवळ उभं राहून कळत नाही. ती कुठल्याही शहरातली, कसलीही चिमणी असू शकते.

मग २०१७ साल आलं. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांत रोज जाणारी गर्दी त्याच जुन्या पुलावरून जात होती. कोरियांनी मोकळा चौक सुचवला होता तो याच परिसरात. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि चौदा जण मेले. कापसाच्या धुळीला भिऊन जिथे एकेकाळी ज्योत पेटवत नव्हते, त्या गिरणगावातली ही गोष्ट. ऑफिसं, दुकानं, पब, सगळं आलं; माणसांना चालायला, थांबायला, संकटात बाहेर पडायला लागते ती मोकळी जागा तेवढी राहिली. लँडस्केपची आखणी म्हणजे फुलझाडं, असं समजणाऱ्यांनी या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

काळाचौकीचं तळं

अजून सगळं संपलेलं नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय उभं करण्याचं काम बरीच वर्षं रेंगाळत सुरू आहे. तिथे गिरणीचं जुनं तळं आहे. त्याचं सुशोभीकरण, भित्तिशिल्पं, कारंजी आणि दिव्यांचा खेळ अशी त्याची कल्पना. महामंडळाच्या काही गिरण्यांची आवारंही शहरात अजून उभी आहेत: गंजलेली फाटकं, भिंतींतून फुटलेले पिंपळ, आणि आत कधी काळी उत्तरेचा उजेड घेणारी छपरं.

अशा जागेत दिवे कसे लावावेत? इतिहासातून काही साध्या सूचना निघतात.

पहिली, करवती छपराचं कौतुक करायचं तर ते दिवसा करावं. काचा पुसाव्यात, खालचं एखादं खातं रिकामं ठेवावं आणि दुपारी तिथे माणसांना नुसतं उभं राहू द्यावं. सावली नसलेला तो उजेड म्हणजेच गिरणीतलं सर्वांत मोलाचं यंत्र होतं. त्याच्यावर रात्री एलईडी मारण्याची गरज नाही.

दुसरी, रात्रीचे दिवे खाली असावेत, पायाशी, कठड्याखाली, बाकाच्या कडेला. न्यूयॉर्कमध्ये मालगाडीच्या जुन्या उंच रुळांवर २००९ पासून जी ‘हाय लाइन’ बाग झाली, तिथे प्रकाशयोजनाकार एर्व्हे देकोत यांनी दिवे डोळ्यांच्या पातळीखाली ठेवले. डोळ्यांवर झोत येत नाही, चालणाऱ्याला वाट दिसते आणि भोवतालचं शहरही दिसतं. (त्या बागेने आसपासच्या घरांचे भाव इतके चढवले की जुन्या रहिवाशांना तिथे राहणं अवघड झालं, हा धडाही सोबत घ्यावा.) खालच्या दिव्यांचा आणखी एक फायदा असा की झाडांवरची पाखरं झोपू शकतात आणि तळ्यासमोरच्या चाळीत पहाटपाळीला जाणारा माणूसही.

तिसरी, काही भाग अंधारात राहू द्यावा. संप झाला, गिरण्या विझल्या, हे या जागेच्या इतिहासातलं फार मोठं सत्य आहे. प्रत्येक कोपरा उजळवून टाकला तर ते सांगायला जागाच उरत नाही. चिमणीवर रोज रंग बदलण्याऐवजी वर्षातल्या मोजक्या तारखांना दिवा लावता येईल. १८ जानेवारी ही एक. रविवारची सुट्टी मिळाली तो १० जून ही दुसरी. आणि तिसरी १६ एप्रिल, मुळशीची. संग्रहालयात गिरणीच्या विजेविषयी पाटी असेल, तर तिच्यावर मावळातल्या बुडालेल्या गावांची नावं असायला हवीत.

चौथी सूचना दिव्यांची नाही, फाटकाची आहे. गिरणगावात फाटक हे सगळ्यात बोलकं बांधकाम होतं. आत जाताना उशीर झाला तर ते बंद, बाहेर पडताना अंगझडती. मॉलच्या दारात आजही बॅग तपासतात. मिलच्या जागेवरच्या बागेलाही तिकीट, वेळापत्रक आणि पहारेकरी ठेवून रात्री आठला कुलूप लावायचं असेल, तर आतले दिवे कितीही सुंदर असोत, ते मालकाचेच राहतील.

लोखंड्यांच्या अर्जातल्या ‘सूर्यास्ताला काम थांबावं’ या ओळीत सूर्यास्तानंतरची वेळ गृहीत धरलेली होती. साडेपाच हजार माणसांनी सही केली ती त्या वेळेसाठी. काळाचौकीच्या आराखड्याची परीक्षा घ्यायची असेल, तर उद्घाटनाच्या संध्याकाळी घेऊ नये. सहा महिन्यांनी, एखाद्या मंगळवारी, रात्री साडेदहाला जावं. शेजारच्या चाळीतला सत्तरीचा कामगार जेवण उरकून तळ्याकाठच्या बाकावर येऊन बसला आहे का, त्याच्या नातीला तिथल्या दिव्यात पुस्तक वाचता येतं का, आणि ‘चला, बंद करायचंय’ असं सांगायला कोणी शिट्टी वाजवत येतं का, एवढं पाहावं.